फलालीनचा शमुवेल

"मग आपले पाळकसाहेब असं विचारतील का, मास्तर?"

रोदाने एवढंच विचारलं, आणि जीवराम मास्तरांच्या बोटांतून शमुवेल निसटून खाली पडला. फलालीनचा कातरलेला म्हातारा, पिंपळाच्या पानाएवढा हलका. पडल्याचा आवाजही झाला नाही. फळ्यावर आता नुसतं निळं आकाश होतं आणि खाली दोन बैल, ज्यांच्याविषयी बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

चित्रांची ती पेटी मिशनच्या गोऱ्या मिससाहेबांनी पस्तीस सालात विलायतेहून आणली होती. निळ्या फलालीनने मढवलेला फळा आणि त्यावर नुसती दाबली की चिकटून बसणारी माणसं, मेंढरं, तंबू, खजुराची झाडं. जळगावच्या मिशन कंपाउंडमधल्या पोरांनी तेव्हा सिनेमा पाहिलेला नव्हता. फळ्यावर तांबडा समुद्र दुभंगला की पोरं पाय वर घेऊन बसत. तेहतीस वर्षांत त्यातलं बरंच गेलं. काही वाळवीने खाल्लं, काही पोरांनी खिशात घालून नेलं. मोशे गेला, अहरोन गेला, नाथान संदेष्टा एका पावसाळ्यात भिजून त्याचा रंग दावीद राजाला लागला आणि दोघेही टाकावे लागले. शेवटी एकच दाढीवाला म्हातारा उरला, उजवा हात वर केलेला. मास्तरांनी त्याच्याकडूनच सगळी कामं करून घ्यायला सुरुवात केली. पुढे समुद्र लावला की तो मोशे. बाजूला तेलाचं शिंग लावलं की शमुवेल. गुडघ्यापाशी घडी घालून खुर्चीवर बसवला की एली याजक, ज्याला आपल्या पोरांचं पापी वागणं दिसत होतं आणि जो बसल्या जागेवरून उठला नाही. पोरांना यात काही वावगं वाटत नसे. पेटी रोदाकडे असायची. कोणाला कधी बसवायचं आणि कधी उभं करायचं हे ती मास्तरांच्या आधी ओळखून तयार असायची.

आजचा धडा शमुवेलाच्या निरोपाचा होता. म्हातारा झालेला शमुवेल सगळ्या लोकांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, हा मी तुमच्यासमोर उभा आहे. सांगा, मी कोणाचा बैल नेला, कोणाचं गाढव नेलं, कोणाला चिरडलं. सांगा, मी परत करतो. आणि एवढ्या मोठ्या जमावातून एक बोट त्याच्याकडे उठत नाही. हा धडा मास्तरांनी चाळीस वेळा तरी शिकवला असेल. प्रत्येक वेळी ते शमुवेलासारखी छाती पुढे काढून उभे राहायचे, आणि प्रत्येक वेळी पोरं "कोणाचाच नाही" म्हणून एका सुरात ओरडायची. चाळीस वर्षांत कोणाच्या मनात आलं नव्हतं की हा प्रश्न आजच्या माणसालाही विचारता येतो.

"साहेबांकडे बैल कुठे आहे? साहेबांकडे फटफटी आहे," मागच्या रांगेतून झुलाल म्हणाला, आणि पोरं हसली. रोदा हसली नाही. ती दहा वर्षांची होती, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची तिची सवय होती. ही सवय मास्तरांनीच तिला लावली होती.

"तो पडलाय, उचल," मास्तर म्हणाले. मग घड्याळ न बघताच म्हणाले, "आज इथेच थांबू. उपासनेला देवळात ओळीने जाऊन बसा."

रोदाने का विचारलं ते त्यांना ठाऊक होतं. आज उपासनेनंतर तिच्या आजीचं, बेबाबाईचं, नाव मंडळीतून कमी व्हायचं होतं. बेबाबाई बोर्डिंगच्या मुलांची भाकरी भाजायची. बावीस वर्षं तिने ते काम केलं आणि कंपाउंडच्या मागच्या चाळीतल्या एका खोलीत राहिली. गेल्या महिन्यात असोद्याला तिच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा तिने मुलीला हळद लावू दिली. मंडळीत हळदीला मनाई होती. मिशनच्या पहिल्या दिवसापासून होती. ती जुन्या देवांची खूण आहे असं गोऱ्या साहेबांनी ठरवलं आणि पुढे ते कोणी पुन्हा ठरवायला बसलं नाही. नाव कमी झालं की खोली सोडायची, कारण खोल्या फक्त मंडळीच्या सभासदांना. खोली गेली की बेबाबाई नातीला घेऊन पहूरला भावाकडे जाणार. पहूरला ना देऊळ, ना रविवारचा वर्ग. मास्तरांच्या मनात आलं की पेटी आता कोणाकडे द्यायची, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. एका म्हातारीचं छप्पर जातंय आणि आपण पेटीचा विचार करतोय.

वर्गापासून देवळापर्यंत पन्नास पावलं होती. मध्ये कडुनिंब. ही पन्नास पावलं मास्तर आज अगदी सावकाश चालले, कारण त्यांना एक वाक्य सांभाळून न्यायचं होतं, काठोकाठ भरलेल्या पेल्यासारखं. *तिचं नाव काढायचं असेल तर माझंही काढा.* आठवडाभर त्यांनी ते घोकलं होतं. न्हाणीघरात म्हटलं, वारलेल्या बायकोच्या, भिकुबाईच्या, फोटोसमोर म्हटलं, स्टेशनाकडच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांच्या आवाजात मोठ्याने म्हणून बघितलं. वाक्य त्यांचं नव्हतं, मोशेचं होतं. लोकांनी सोन्याचं वासरू केलं तेव्हा मोशे डोंगरावर जाऊन देवाला म्हणाला होता की यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंच नाव खोडून टाक. केवढा माणूस! लोकांवर संतापला, हातातल्या देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या, पण देवासमोर उभा राहिल्यावर लोकांच्या बाजूने उभा राहिला. आणि आमचा पाळक? आमच्यापुढे उभा राहतो तेव्हा देवाच्या बाजूने बोलतो, आणि देवापुढे आमच्यासाठी कधी उभा राहतो का, ते त्यालाच माहीत.

आमचा. मास्तरांना या शब्दाने बोचलं, कारण तो खरंच त्यांचा होता. बंगल्याच्या फाटकावर 'रेव्ह. टी. भिकन' अशी पाटी होती, पण ते टी म्हणजे तोताराम, भिकन गाडीवानाचा पोरगा, नाक गळणारा, पाठांतरात पहिला. याच फळ्यापुढे बसून तो शिकला. मास्तरांनीच मिससाहेबांना सांगून त्याला पाळकांच्या शिक्षणासाठी पाठवलं. शौलाला राजा करताना त्याच्या डोक्यावर तेल ओतणारा शमुवेल पुढे तो बिघडल्यावर रात्रंदिवस रडला असं शास्त्रात आहे. पण त्याने तेल ओतताना हात आखडता का घेतला नाही, हे मास्तरांना तरुणपणी कळत नसे. आता कळत होतं. त्या वेळी पोरगा चांगलाच असतो.

गेल्या मंगळवारी ते बंगल्यावर गेले होते. मिससाहेब बासष्टला कायमच्या मायदेशी गेल्या. त्या असेपर्यंत फाटकाला कुलूप नव्हतं. आता होतं, आणि ते उघडायला आतून कोणी येईपर्यंत बाहेर चपला घासत उभं राहावं लागे. पाळकसाहेब मात्र प्रेमाने वागले. खुर्ची स्वतः पुढे केली, चहा सांगितला.

"साहेब, बेबाबाई म्हातारी बाई आहे. चुकलं तिचं. माफी मागायला तयार आहे."

"मास्तर, माझ्या एकट्याच्या हातात असतं तर मी कालच माफ केलं असतं."

"मग कोणाच्या हातात आहे?"

"शिस्तीच्या." साहेब हसले. "आणि शिस्त मला कोणी शिकवली? त्या चिंचेखाली बसून तुम्हीच. शौलाला सांगितलं होतं, शत्रूचं काही ठेवू नको. त्याने चार चांगली मेंढरं ठेवली. राज्य गेलं की नाही? मी आठ वर्षांचा होतो, त्या मेंढरांसाठी रडलो होतो. तुम्ही काय म्हणालात आठवतं? तोत्या, रडू नको, देवाला मेंढरांपेक्षा आज्ञा पाळलेली आवडते."

मास्तर तसंच म्हणाले होते. शब्दन् शब्द. त्यांनी बशीत चहा ओतला आणि त्याच्यावर फुंकर घालत बसले. ज्या हत्याराला आपणच धार लावून दिली ते आपल्याच पोटावर टेकवलेलं असताना माणूस दुसरं काय करणार?

एक गोष्ट त्यांना तेव्हा म्हणता आली असती. ओठांपर्यंत आलीही होती. मागच्या वर्षी धुळ्याला साहेबांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मास्तर एस.टी.ने पारोळ्यावरून आदल्या दिवशीच पोचले होते. सकाळी हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले, तर नळापाशी नवरी उभी, कोपरापर्यंत पिवळी, मानेवर पिवळी, आणि घरातून बायकांच्या दबक्या हसण्याचा आवाज. ती दचकली. आणि दारात स्वतः साहेब उभे होते. गालावर पिवळी चार बोटं उमटलेली. पोरीने लाडाने बापालाही लावली होती. साहेबांनी रुमाल काढला. गाल पुसला, तर रंग आणखीच पसरला. "बायकांचा हट्ट, मास्तर," ते म्हणाले, आणि असं हसले की मास्तरांना पुन्हा तो आठ वर्षांचा तोत्या दिसला. पाळकसाहेब म्हणून तो माणूस त्यांना कधी इतका आवडला नव्हता जितका त्या क्षणी आवडला. मास्तरही हसले. दोघांत काही न बोलता काहीतरी ठरलं.

आता ते मोडायचं कसं? नाथानाने दावीदासमोर उभं राहून त्याचं पाप त्याच्या पदरात घातलं, पण दावीदाने खून केला होता. या माणसाने काय केलं? लेकीला हळद लावू दिली. यात पाप नव्हतंच. पाप नव्हतं म्हणूनच मास्तरांना ते उगारता येत नव्हतं; आणि पाप नव्हतं तर मग बेबाबाईचं तरी काय होतं? विचार इथपर्यंत आला की पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा. वासरू दोघांनीही केलेलं; एक जण त्याच वासरावर उभा राहून दुसऱ्याचा न्याय करणार. ते वासरू घडवणाऱ्या अहरोनाने निदान तोंड वाकडं करून सबब तरी सांगितली होती.

भिकुबाईला हळद लागली नव्हती. मास्तरांचं लग्न सव्वीस सालचं. गोऱ्या साहेबांनी बजावलं होतं, आणि मास्तर तेव्हा नवे, तापलेले ख्रिस्ती. पांढऱ्या लुगड्यात तिला देवळात उभी केली. ती कधी तक्रार म्हणून बोलली नाही. पण मरायच्या वर्षी तिच्या पायाच्या घोट्याला सूज आली, मास्तरांनी हळद गरम करून लेप लावला, तेव्हा ती पिवळ्या पायाकडे बघून म्हणाली, "आत्ते लागनी बरं मले हळद." आणि हसली. मास्तर हसले नव्हते. त्यांनी बोटं लुगड्याच्या चिंधीला पुसली होती, तरी दोन दिवस नखांत रंग राहिला होता.

देवळात साठेक माणसं होती. बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे बाकांवर, पोरं अगदी पुढे. बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती, धुवट लुगडं नेसून, उपासनेला नेहमी यायची तशीच. साहेबांनी अखानाच्या गोष्टीवर उपदेश केला: एका माणसाने निषिद्ध वस्तू लपवली आणि सबंध इस्राएल लढाईत हरलं. आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ. मास्तर ऐकता ऐकता जुन्या सवयीने मनात मार्क देत होते. मग त्यांना आठवलं की गुन्हेगार शोधायच्या आधी त्यांचा पुढारी यहोशवा स्वतः जमिनीवर पालथा पडला होता, संध्याकाळपर्यंत, डोक्यात धूळ घालून. हे साहेबांनी गाळलं. मुद्दाम? की विसरले? पाठांतरात पहिला असलेला पोरगा विसरेल का? शास्त्रातली ही सगळी माणसं आधी स्वतः जमिनीवर यायची. मोशे, यहोशवा, दावीद. आमच्या साहेबांची पायरी मात्र वर वर जाते. मास्तर पुन्हा आपलं वाक्य घोकू लागले. तिचं नाव काढायचं असेल तर. तिचं नाव काढायचं असेल तर माझंही.

गीत झालं. साहेबांनी मंडळीचं रजिस्टर मेजावर ठेवलं, आणि सगळं सांगितलं, थोडक्यात, कठोर न होता. "पंचांचा विचार झालेला आहे. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणावं."

कोणी खोकलं. रस्त्यावरून सरकीची गाडी करकरत गेली. बेबाबाई सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती.

मास्तर उभे राहिले.

गुडघे वाजले, ते त्यांना स्वतःला ऐकू आलं. साहेबांनी वर बघितलं. दोघांची नजर भिडली, आणि मास्तरांना शपथेवर वाटलं की साहेबांच्या डोळ्यांत भीती चमकली. धुळ्याच्या अंगणातली, ओल्या रुमालातली भीती. मग साहेबांचा चेहरा निवळला. अगदी मऊ आवाजात ते म्हणाले, "जीवराम मास्तर आपल्याला प्रार्थनेत चालवतील. आपण मस्तकं लववू या."

तो कावा होता की साहेबांना खरंच तसं वाटलं, हे मास्तरांना पुढे कधीही ठरवता आलं नाही. कारण चाळीस वर्षांत ते या देवळात दुसऱ्या कशासाठी उभे राहिलेच नव्हते. जीवराम मास्तर उभे राहिले म्हणजे प्रार्थना, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. साठ डोकी एकदम खाली झाली. बायकांनी पदर पुढे ओढले. डोळे मिटले गेले. बेबाबाईनेही मिटले, आणि हात जोडले, तो धागा बोटाला तसाच.

मास्तरांच्या समोर आता माणसं नव्हती, नुसती डोकी होती. वाक्य घशात तयार होतं. पण ते म्हणायचं कोणाला? मिटलेल्या डोळ्यांना माणूस काय सांगणार? मिटलेले डोळे देवाशी बोलणं ऐकायला थांबलेले असतात. आणि देवाला 'माझं नाव काढ' म्हणून उपयोग काय, रजिस्टर तर साहेबांच्या हाताखाली होतं. ते थांबले. शांतता लांबली. ती शांतताही लोकांना प्रार्थनेचाच भाग वाटली असावी, कारण कोणी तरी "होय प्रभू" असं पुटपुटलं. आणि अंधारात पाय आपोआप ओळखीच्या पायरीवर पडावा तशी मास्तरांची जीभ पडली. "हे दयाळू स्वर्गीय पित्या," ते म्हणाले.

मग ती थांबेना. चाळीस वर्षांचा उतार होता. सकाळबद्दल आभार, अन्नवस्त्राबद्दल आभार, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राज्यकर्त्यांसाठी. ते मधेच वळायचा प्रयत्न करत होते. "आमची बहीण बेबाबाई," असं त्यांनी म्हटलं, आणि आता, आता, असं स्वतःला ढकललं, पण वाक्य आपल्याच वळणाने गेलं, "हिला तुझ्या हाती सोपवतो." पुन्हा प्रयत्न केला, "नाव" या शब्दापर्यंत आले, आणि तोंडातून बाहेर पडलं ते, "आम्हा सर्वांची नावं तुझ्या जीवनाच्या पुस्तकात राहू दे." तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे उघडे होते. पोरांना त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं की प्रार्थनेत डोळे मिटायचे, आणि आज ते उघड्या डोळ्यांनी साठ डोक्यांवरून मदत शोधत होते. पुढच्या रांगेत दुसरे दोन डोळे उघडे होते. रोदा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. उत्तर मिळेपर्यंत बघत राहायचं, तसं. तिच्या मुठीत सकाळचा शमुवेल होता; हात वर केलेला, फक्त हात बाहेर.

"आमेन," मास्तर म्हणाले.

"आमेन," साठ जण म्हणाले.

"मास्तरांच्या प्रार्थनेनंतर आता बोलण्यासारखं काही उरत नाही," साहेब म्हणाले. रजिस्टर उघडताना त्यांनी मास्तरांकडे बघितलं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली बेबाबाई चपला शोधत होती. मास्तरांना बघून तिने पदर सारखा केला. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा हलका होता. मास्तरांना तोच सहन होईना.

"भाऊ, देव तुमनं भलं करो. बठ्ठास्ना समोर मन्हं नाव लिधं तुम्ही. दुसरं कोन लेस?"

"बेबाबाई, मी..."

"ऱ्हाऊ द्या. माले बठ्ठं समजस. तुमना हातमा काय शे?" तिने चपलेत पाय घातला. "परवा जासूत पहूरले. नातले तठे शाळा शे म्हनतस. तुमनी शाळा नही, बस."

"पहूरला पाणी बरं आहे," मास्तर म्हणाले. पहूरचं पाणी बरं आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

वर्गात परत आले तेव्हा फळा तसाच होता. निळं आकाश, दोन बैल. रोदा पेटीपाशी बसून तुकडे लावत होती, झाडं झाडांत, मेंढरं मेंढरांत. ती कधीच घाई करत नसे. मास्तर दाराशी उभे राहिले. तिने काही विचारावं असं त्यांना वाटत होतं. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं: धुळ्याचं अंगण, पिवळा गाल, भिकुबाईचा पाय. मोठ्या माणसांना सांगता येत नाही ते पोरांना सांगता येतं, याच एका भरवशावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

"पेटी झुलालकडे देऊ का?" एवढंच तिने विचारलं.

"दे."

"तो हरवून टाकेल."

"मग राहू दे इथेच."

तिने मान हलवली. मुठीतला म्हातारा काढला. घामाने त्याचा रंग जरा ओढला गेला होता. पेटीच्या तळाशी हात घालून तिने काहीतरी शोधलं, आणि उठून फळ्यापाशी गेली. बैल काढून घेतले. आकाशाच्या मधोमध एलीची खुर्ची लावली. मग म्हाताऱ्याला गुडघ्यापाशी जुन्या घडीवर दुमडलं, अगदी जपून, जसं मास्तरांनी तिला शिकवलं होतं तसं, आणि खुर्चीवर बसवून अंगठ्याने दाबलं.

"बसला," ती म्हणाली, आणि आजीच्या हाकेला ओ देत पळाली.